राजवाडा गेला, कुंचला राहिला

१९६० सालच्या नोव्हेंबर महिन्याची २४ तारीख. कॅनडातील टोरोंटो शहरात, केशभूषेच्या एका दुकानावरील लहानशा सदनिकेत, ७८ वर्षांच्या एका वृद्धेने शेवटचा श्वास घेतला. ही जागा तिच्या मालकीची नव्हती. अखेरच्या आजारात रशियन निर्वासित स्नेह्यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले होते. पतीचे निधन दोन वर्षांपूर्वीच झाले होते. मागे राहिलेल्या तिच्या चीजवस्तूंची किंमत पुढे अवघी ३५० डॉलर ठरवण्यात आली. ही वृद्धा म्हणजे रशियाचा सम्राट अलेक्झांडर तिसरा याची धाकटी कन्या आणि शेवटचा झार निकोलस दुसरा याची सख्खी बहीण, ग्रँड डचेस ओल्गा अलेक्झांड्रोव्हना.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत या राजकन्येचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन. चित्रकला हा ओल्गाचा व्यवसाय नव्हता, ती तिची हौस होती. तरीही लहानपणापासून उतारवयापर्यंत तिने दोन हजारांहून अधिक चित्रे काढली आणि त्यांत निसर्गचित्रांचा भरणा सर्वांत मोठा आहे. हे पहिले कारण. दुसरे असे की, ती रुग्णांची सेवा करणारी परिचारिका होती, आणि तीही समारंभापुरता पांढरा पोशाख घालणारी नव्हे, तर आघाडीलगतच्या रुग्णालयात जखमा बांधणारी. क्रांतीने तिचे घर, संपत्ती, देश आणि सख्खी माणसे हिरावून नेली. हातांना लागलेली ही दोन वळणे मात्र तिच्याबरोबर सीमा ओलांडून गेली. त्या दोहोंची ही कथा आहे.

गातचिनाचे बालपण

ओल्गाचा जन्म १३ जून १८८२ रोजी सेंट पीटर्सबर्गजवळील पीटरहोफ येथे झाला. वडील सिंहासनावर असताना जन्मलेले हे त्यांचे एकमेव अपत्य. आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, तिचे आजोबा झार अलेक्झांडर दुसरा यांची बॉम्ब टाकून हत्या झाली होती. त्यामुळे नव्या झारने सुरक्षिततेसाठी राजधानीबाहेर, गातचिना येथील राजवाड्यात मुक्काम हलवला. सुमारे ९०० दालनांच्या त्या वास्तूत मुलांचे संगोपन मात्र विलक्षण साधेपणाने होत असे. कडक खाटेवर झोप, थंड पाण्याने स्नान आणि न्याहारीला लापशी. एक इंग्रज दाई तिचा सांभाळ करी. आई मारिया फिओदोरोव्हना ही मूळची डेन्मार्कची राजकन्या. तिच्याशी ओल्गाचे फारसे जुळले नाही. धिप्पाड आणि मिताहारी वडील हेच तिचे खरे सोबती. त्यांच्याबरोबर ती गातचिनाच्या रानात हिंडे. झाडांची ओळख तिला तिथेच झाली.

तिचा चित्रकलेचा नाद शिक्षकांच्या लवकर ध्यानात आला. भूगोलाच्या आणि अंकगणिताच्या तासालाही तिला हातात पेन्सिल धरण्याची मुभा होती, कारण धान्याची कणसे नि रानफुले काढत असताना तिचे लक्ष अधिक लागते असा अनुभव होता. व्याख्यान ऐकताना वहीच्या कडेला रेघोट्या ओढणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे लगेच पटेल. पुढे किरिल लेमोख आणि व्लादिमिर माकोव्स्की या नामांकित चित्रकारांनी तिला शिकवले. त्यानंतर स्तानिस्लाव्ह झुकोव्स्की आणि सेर्गेई व्हिनोग्रादोव्ह या निसर्गचित्रकारांचे मार्गदर्शन तिला लाभले. वितळते बर्फ, जुन्या वाड्यांचे व्हरांडे, उन्हात न्हालेली बाग हे या दोघांचे विषय. तेच ओल्गाचेही झाले.

बाहेरचे जग मात्र या बागेइतके शांत नव्हते. १८८८ मध्ये बोर्की येथे शाही आगगाडी रुळांवरून घसरली. वीसहून अधिक माणसे दगावली. सहा वर्षांची ओल्गा आणि तिचे कुटुंब बचावले. १८९४ मध्ये वडील वयाच्या ४९ व्या वर्षी नेफ्रायटिसने, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. ती तेव्हा बारा वर्षांची होती. १८९९ मध्ये भाऊ जॉर्ज क्षयाने गेला. मूत्रपिंडाचा विकार आणि क्षय यांच्यापुढे सम्राटाची सत्ता चालत नाही, हे या घराने फार लवकर पाहिले.

ओल्गिनोचा दवाखाना

१९०१ मध्ये ओल्गाचा विवाह ओल्डेनबुर्गच्या ड्यूक पीटरशी लावून देण्यात आला. तो तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा आणि जुगाराचा शौकीन होता. हा विवाह नावापुरताच राहिला. १९०३ मध्ये एका लष्करी संचलनात तिने निकोलाय कुलिकोव्स्की हा घोडदळातील अधिकारी पाहिला आणि पतीकडे सरळ घटस्फोट मागितला. तो मिळाला नाही. तिला थांबावे लागले, आणि ते थांबणे तेरा वर्षांचे ठरले.

या काळात तिचे मन रमले ते व्होरोनेझ प्रांतातील ओल्गिनो या तिच्या मालमत्तेवर. गावच्या शाळेचा खर्च ती स्वतःच्या पदरचा करी. तिने तेथे एक दवाखाना उभारला, आणि केवळ देणगी देऊन ती थांबली नाही. तेथील डॉक्टरांच्या हाताखाली ती प्राथमिक उपचार आणि शुश्रूषा शिकली. सम्राटाची बहीण एका खेड्यातील डॉक्टरची विद्यार्थिनी झाली, ही गोष्ट त्या काळातील दरबारी रिवाज पाहता लहान नव्हे. दुपारी रंगपेटी घेऊन ती शेतांकडे जाई. ओल्गिनो हे नाव पुढे तिच्या आठवणींतून कधी पुसले गेले नाही.

राजघराण्यातील आजारपणही ती जवळून पाहत होती. भावाचा एकुलता मुलगा अलेक्सेई याला हिमोफिलिया होता. त्याच्या वेदनांपुढे वैद्य हतबल होत आणि आई रास्पुतिनकडे धाव घेई. रास्पुतिन ओल्गाला मुळीच आवडत नसे. तरीही तो येऊन गेल्यावर मुलाला आराम पडल्याचे आपण पाहिले, असे तिने उतारवयात इयान व्होरेस या चरित्रकाराला प्रांजळपणे सांगितले. हा विकार नेमका कोणता, याचा उलगडा शंभर वर्षांनी झाला. २००९ मध्ये अवशेषांच्या डीएनए तपासणीतून तो हिमोफिलिया ‘बी’ असल्याचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाच्या जनुकातील दोष असल्याचे सिद्ध झाले.

क्रांती आकाशातून पडली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जानेवारी १९०५ मध्ये हिवाळी राजवाड्यासमोरील नदीकाठच्या धार्मिक समारंभात सलामीच्या तोफांपैकी एकीतून खरा गोळा सुटला. खिडकीशी उभ्या असलेल्या ओल्गाच्या आणि तिच्या आईच्या पायांशी काचांचा खच पडला. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच शहरात अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. काच दोन्ही बाजूंनी फुटत होती. ओल्गिनोतील एका दवाखान्याने भरून निघावी एवढी लहान ही दरी नव्हती.

रोव्हनो ते कीव्ह

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ओल्गा रेडक्रॉसची परिचारिका म्हणून रोव्हनो येथील रुग्णालयात रुजू झाली. हे गाव आज युक्रेनमध्ये रिव्हने या नावाने ओळखले जाते. तिच्या नावाची अख्तिर्स्की हुसार ही घोडदळाची पलटण जवळच तैनात होती. रुग्णालयात माणसे अपुरी आणि जखमी अगणित. ऑस्ट्रियन तोफांच्या माऱ्याखाली काम करण्याचा प्रसंगही तिच्यावर आला. आघाडीच्या इतक्या जवळ परिचारिका क्वचितच जात. या धैर्याबद्दल तिला सेंट जॉर्जचे शौर्यपदक मिळाले आणि ते जनरल मानेरहाइम यांनी स्वहस्ते प्रदान केले.

१९१५ मध्ये रशियन सैन्य मागे हटले, तेव्हा तिने रुग्णालय कीव्हला हलवले. तेथेच १९१६ च्या शरदात तिचा भाऊ निकोलस तिला भेटून गेला. ती भेट शेवटची ठरली. त्याच वर्षी त्याने तिचा पहिला विवाह रद्द ठरवण्यास मान्यता दिली आणि नोव्हेंबरात कीव्हमधील एका लहान चर्चमध्ये तिचा कुलिकोव्स्कीशी विवाह झाला. वधू तेव्हा चौतीस वर्षांची होती.

तीन बिऱ्हाडे, दोन बाळे

मार्च १९१७ मध्ये निकोलसने सिंहासन सोडले. ओल्गा गरोदर होती. आईसह ती कीव्हहून क्रिमियात गेली. तेथे आय-तोदोर येथील मालमत्तेवर सर्वांना नजरकैदेत ठेवण्यात आले. ऑगस्ट १९१७ मध्ये तिचा पहिला मुलगा तिखोन याच कैदेत जन्माला आला. १९१८ च्या आरंभी याल्टाच्या क्रांतिकारी समितीने कुटुंबाला मृत्युदंड फर्मावला. परंतु सेवास्तोपोलच्या प्रतिस्पर्धी समितीशी तिचे जमेना, म्हणून अंमलबजावणी लांबली, आणि तेवढ्यात जर्मन फौजा येऊन पोहोचल्या. एवढ्याशा दिरंगाईवर ओल्गाचे पुढचे बेचाळीस वर्षांचे आयुष्य उभे आहे. जून १९१८ मध्ये भाऊ मायकेल पेर्मजवळ मारला गेला. जुलैच्या १७ तारखेला येकातेरिनबुर्ग येथे निकोलस, त्याची पत्नी, चार मुली आणि आजारी अलेक्सेई यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्याबरोबर कुटुंबाचे डॉक्टर येवगेनी बोत्किन यांनीही प्राण सोडले. निघून जाण्याची मोकळीक असताना त्यांनी आपल्या रुग्णांची साथ सोडली नव्हती. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात या नावाला जागा असावी.

एप्रिल १९१९ मध्ये ओल्गाची आई ब्रिटिश युद्धनौकेवरून क्रिमिया सोडून गेली. ओल्गाने जाण्यास नकार दिला. आपला देश आपल्याला इतक्यात सोडायचा नाही, या आशेवर ती पतीसह कॉकेशसच्या उत्तरेकडील कुबान प्रदेशात गेली. नोव्होमिन्स्काया या कोसॅक गावात भाड्याने घेतलेल्या शेतघरात त्याच महिन्यात तिचा दुसरा मुलगा गुरी जन्मला. पती शेतावर राबे, ओल्गाही राबे. एमिलिया तेन्सो नावाची तिची जुनी सेविका, जिला सर्व ‘मिम्का’ म्हणत, तिच्यासोबत होती. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

हिवाळ्यात लाल सेना जवळ येऊ लागली. दोन लहानग्यांना घेऊन पुन्हा प्रवास. काळ्या समुद्रावरील नोव्होरोसिस्क बंदर निर्वासितांनी भरून गेले होते आणि त्यांच्यात टायफसची साथ थैमान घालत होती. डेन्मार्कच्या वाणिज्यदूताने या कुटुंबाला आसरा दिला. फेब्रुवारी १९२० मध्ये ते जहाजाने इस्तंबूलजवळच्या प्रिन्किपो बेटावर पोहोचले. तेथे तीन खोल्यांत या कुटुंबाखेरीज आणखी अकरा मोठी माणसे होती. बेलग्रेडमार्गे अखेर गुड फ्रायडेच्या दिवशी, २ एप्रिल १९२० रोजी, ती डेन्मार्कला आईजवळ पोहोचली.

रशियातील घर, जमीन, वर्षाचे उत्पन्न, चित्रे, पुस्तके, सर्व गेले होते. वय अडतीसही पूर्ण नव्हते.

शेतकरीण

डेन्मार्कमधली पहिली आठ वर्षे ओल्गाने आईची चिटणीस आणि सोबतीण म्हणून काढली. निकोलस मेला हे आईने कधीच मान्य केले नाही. नाहीशी झालेली माणसे कुठेतरी जिवंत असतील, ही आशा निर्वासितांच्या घराघरांत वस्तीला असते. बर्लिनमधील रुग्णालयात असलेली एक स्त्री स्वतःला निकोलसची मुलगी अनास्तासिया म्हणवत होती; १९२५ मध्ये ओल्गा तिला पाहावयास गेली. ती आजारी होती; ओल्गाने तिची प्रेमाने विचारपूस केली, पुढे चार ओळींची पत्रेही पाठवली. पण हा चेहरा आपल्या भाचीचा नव्हे, या निष्कर्षाला ती आली. पुढे ॲना अँडरसन या नावाने गाजलेले हे प्रकरण तिला मरेपर्यंत छळत राहिले. १९९४ मध्ये, त्या स्त्रीच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर अमेरिकेतील रुग्णालयात जपून ठेवलेल्या ऊतीच्या डीएनए तपासणीने ती रोमानोव्ह नसल्याचे सिद्ध झाले. निकालाच्या वेळी ओल्गाला जाऊन चौतीस वर्षे झाली होती.

१९२८ मध्ये आई वारली. तिचे घर विकून आलेल्या वाट्यातून ओल्गाने कोपनहेगनपासून सुमारे २४ किलोमीटरवर, बॅलेरुप येथे ‘क्नुद्समिन्दे’ नावाचे शेत विकत घेतले. जर्सी गाई, घोडे, डुकरे, कोंबड्या, बदके. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ओल्गाला पहिल्यांदा सर्वस्वी स्वतःचे असे घर मिळाले. येथेच तिची चित्रे खऱ्या अर्थाने बहरली. कोपनहेगन, लंडन, पॅरिस, बर्लिन या शहरांत ती प्रदर्शित झाली आणि विकली गेली. मिळकतीचा काही भाग संसाराला लागे, काही ती धर्मादाय कामांना देई.

ही सुखाची वर्षे दुसऱ्या महायुद्धाने संपवली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. तिचे दोन्ही मुलगे डॅनिश सैन्यात अधिकारी होते. त्यांना काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. युद्ध संपताच सोव्हिएत सैन्य डेन्मार्कच्या उंबरठ्यावर आले आणि ओल्गा निर्वासितांना मदत करून कटकारस्थान करते, असा आरोप मॉस्कोहून झाला. १९४८ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, तिने पुन्हा बाडबिस्तरा आवरला. पती, मुलगे, सुना, नातवंडे आणि मिम्का असा कबिला शेतकरी स्थलांतरित म्हणून कॅनडास निघाला. ओंटारिओ प्रांतात त्यांनी २०० एकरांचे शेत घेतले. वय झाल्यावर ते झेपेना, म्हणून टोरोंटोजवळच्या कुक्सव्हिल येथे पाच खोल्यांचे घर घेतले.

याच काळात मिम्काला पक्षाघात झाला. ती अंथरुणाला खिळली. ज्या सेविकेने कुबानच्या शेतघरापासून जहाजाच्या तळापर्यंत साथ दिली, तिची शुश्रूषा आता तिची मालकीण करू लागली. अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे ही पक्षाघाताच्या रुग्णाच्या सेवेतील कामे किती कष्टाची असतात हे डॉक्टरांना सांगावयास नको. स्वतः सत्तरी गाठलेल्या ओल्गाने ती जानेवारी १९५४ मध्ये मिम्काचा मृत्यू होईपर्यंत केली. सेंट जॉर्जचे पदक रोव्हनोला मिळाले होते. या सेवेला पदक नव्हते, पण ओल्गिनोच्या खेड्यातील डॉक्टरांनी दिलेले शिक्षण येथे पूर्णत्वाला गेले, असे मला वाटते.

न रंगवलेला बर्फ

आता तिच्या चित्रांविषयी. ती मुख्यतः कागदावर जलरंगांत काम करी. क्वचित कॅनव्हास आणि चिनी मातीची भांडीही रंगवी. बर्चची झाडे, वसंतातले विरघळते बर्फ, लाकडी घरे, व्हरांड्यात मांडलेला चहाचा सामोवार, ईस्टरचे टेबल, खसखशीची आणि निळी रानफुले, पुढे डेन्मार्कची शेते आणि कॅनडातील आपली बाग. कोपऱ्यात सही एवढीच: ओल्गा. पदवी नाही, घराणे नाही.

ही चित्रे थोर आहेत असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्या पिढीत युरोपीय चित्रकला मुळापासून ढवळून निघाली होती; त्या वादळाचा एक थेंबही या कागदांवर पडलेला नाही. ग्राहकांपैकी काही जण चित्रासाठी येत, काही जण नावासाठी, हेही उघड आहे. शिवाय ओल्गा कफल्लक होऊन मेली ही दंतकथाही खरी नाही. चीजवस्तूंचा ३५० डॉलर हा आकडा तिच्या एका चरित्रकर्तीला फार कमी वाटतो आणि रोख रकमेच्या व शेअर्सच्या रूपाने दोन लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलर तिच्यामागे राहिले. इतिहासातील सर्वांत धनाढ्य घराण्यांपैकी एकाच्या कन्येच्या मानाने ते काहीच नव्हते, पण ते होते.

तरीही या चित्रांपाशी मन थांबते. जलरंगांत पांढरा रंग सहसा लावत नाहीत. बर्फ दाखवायचा तर कागद तसाच कोरा सोडावा लागतो, आणि कुठे सोडायचा हे पहिला हात फिरवण्याआधीच ठरवावे लागते. एकदा ओला रंग तिथे पसरला की तो बर्फ परत आणता येत नाही. ओल्गाच्या हिमचित्रांत निळसर सावल्या तेवढ्या रंगवलेल्या असतात. उजेड हा न लावलेला रंग असतो. तिच्या आठवणींचेही तसेच असावे. ज्या माणसांना तिने गमावले त्यांच्या मृत्यूचे चित्रण तिच्या कुंचल्याने केले नाही. तळघरातला तो जुलै, टायफसने भरलेले ते बंदर तिच्या निसर्गचित्रांत नाही. कुणी याला पळवाट म्हणेल. मला ते एक व्रत वाटते. जे नष्ट झाले त्याचा पुरावा इतरांनी गोळा केला. जे सुंदर होते त्याचा पुरावा फक्त तिच्याजवळ होता, आणि तो तिने चाळीस वर्षे परक्या देशांच्या कागदावर नोंदवून ठेवला.

जून १९५९ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ टोरोंटोला आली असता तिने आपल्या या वृद्ध नातलग स्त्रीला राजनौकेवर भोजनास बोलावले. ओल्गा साध्या सुती पोशाखात गेली आणि आपल्या पाच खोल्यांच्या घरी परतली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बहीण झेनिया लंडनमध्ये वारली आणि त्याच महिन्यात ओल्गाला टोरोंटोच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. नोव्हेंबरात ती गेली. रशियन चर्चमध्ये तिच्या शवपेटीपाशी पहाऱ्याला उभे होते ते तिच्याच अख्तिर्स्की पलटणीतले, परदेशात म्हातारे झालेले अधिकारी. टोरोंटोच्या यॉर्क दफनभूमीत पतीशेजारी ती चिरविश्रांती घेत आहे. डेन्मार्कमधील बॅलेरुपच्या संग्रहालयाने तिची सुमारे शंभर चित्रे जमवली. ब्रिटनच्या आणि नॉर्वेच्या राजघराण्यांच्या संग्रहांतही ती गेली.

वाचकहो, आपल्या व्यवसायात हौस ही बहुधा पुढे ढकलण्याची गोष्ट असते. दवाखाना नीट लागू दे, मुलांची शिक्षणे होऊ देत, निवृत्ती येऊ दे, मग रंगपेटी उघडू, मग पेटीवर बोटे फिरवू, असे आपण म्हणत राहतो. ओल्गाचे आयुष्य या हिशेबात न बसणारे आहे. तिने वाट पाहिली असती तर बसायला घर, काढायला बाग आणि मनाला स्वस्थता यांची एकत्र गाठ तिला कधीच पडली नसती. भूगोलाच्या तासाला हाती घेतलेली पेन्सिल तिने सुटू दिली नाही, म्हणून चाळीस वर्षांनी ती उपयोगी पडली. ओल्गिनोच्या दवाखान्यात शिकलेली शुश्रूषाही तशीच. मिम्का ज्या खोलीत पडून होती ते घर तिच्या चित्रांनी भरलेले होते. दिवसाचा काही वेळ आजारी माणसाजवळ आणि उरलेला खिडकीतल्या उजेडाजवळ, असा दिनक्रम आपल्यापैकी पुष्कळांना अनोळखी वाटणार नाही.